पाच दिवस उशीर, पंचवीस टक्के दंड

आप्पांचं मोबाईलचं बिल महिन्याला ४७० रुपये ८२ पैसे येतं. ३९९ चा पोस्टपेड प्लॅन आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, बाकी काही नाही, कारण आप्पा ना जास्तीचा नेट पॅक घेतात ना परदेशात कुणाला फोन लावतात. गेल्या वर्षी एका महिन्यात तेच बिल ५८८ रुपये ८२ पैसे आलं. वरचे ११८ रुपये कसले म्हणून मी बघितलं तर १०० रुपये लेट फी, आणि त्या लेट फीवर पण १८ टक्के जीएसटी. उशीर किती झाला होता, तर पाच दिवस.

आप्पा म्हणजे माझे मोठे काका. नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेत, जेलरोडला राहतात. या माणसाने आयुष्यात लाईटबिल, घरपट्टी, पाणीपट्टी काहीही शेवटच्या तारखेला नेलं नाही, नेहमी दोन दिवस आधी. घरात एक जाड वही आहे, तिच्यात लँडलाईनच्या जमान्यापासून कुठलं बिल कधी भरलं आणि पावती नंबर काय ते सगळं लिहिलेलं आहे. मोबाईलचं बिल पण कागदावर घरी यायचं, ते घेऊन बिटको चौकाकडच्या स्टोअरमध्ये जायचं, पैसे द्यायचे, पावती घ्यायची, वहीत लिहायचं. वर्षानुवर्षं हेच. मग कंपनीने कागदी बिल बंद केलं आणि ईमेलवर पाठवायला लागले, आणि तो ईमेल कुठला तर कधीकाळी फॉर्ममध्ये लिहिलेला, त्यांच्या मुलाच्या जुन्या नोकरीतला, जो आता कुणी उघडतच नाही. एसएमएस आला होता म्हणे, आला असेलही, पण आप्पांच्या इनबॉक्समध्ये कर्ज घ्या, प्लॉट घ्या, लॉटरी लागली असे शेकडो मेसेज पडलेले असतात, त्यात हा एक कुठे दिसणार. ड्यू डेट ४ तारीख होती. ९ तारखेला सकाळी आउटगोइंग बंद. काकूंची डोळ्यांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंट होती, तिकडे फोन लावायला गेले तर रेकॉर्डवरची बाई काहीतरी सांगतेय. शेजाऱ्यांच्या फोनवरून मला कॉल केला. "अरे, माझा फोन बंद केलाय यांनी. मी काय चोरी केलीय का कुणाची?"

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही म्हणून हे लिहायला बसलो.

स्टोअरमध्ये मी पण गेलो त्यांच्याबरोबर. तिथला मुलगा चांगला होता, बोलायला नम्र, त्याच्यावर माझा काही राग नाही. तो म्हणाला, "काका, सिस्टिमनेच लागतो तो चार्ज, आमच्या हातात काही नसतं." आप्पा म्हणाले, "बाळा, मला बिलच आलं नाही." "मेसेज गेलाय काका, इथे दिसतोय." विषय संपला.

आता यावर बरेच जण म्हणतील, आणि माझ्या ऑफिसातले म्हणालेच, की उशीर केला तर दंड भरा, त्यात काय एवढं, नियम म्हणजे नियम. मला हे अर्धं मान्य आहे. बिल वेळेवर भरलंच पाहिजे, त्यात मी कुणाची बाजू घेणार नाही. पोस्टपेड म्हणजे कंपनी तुम्हाला महिनाभर उधारीवर सेवा देते, वाण्याच्या खात्यासारखं, आणि उधारी वेळेत चुकती केली नाही तर समोरच्याचे पैसे अडकतात, आठवणीचे मेसेज पाठवा, फोन करा, हा खर्च त्याला पडतो. लेट फी असावी. पण ती कशाच्या प्रमाणात असावी हा प्रश्न कुणी विचारतच नाही. आणि तोच खरा प्रश्न आहे.

साधा हिशोब करून बघा. ४७० रुपयांच्या बिलावर ११८ म्हणजे पंचवीस टक्के. पाच दिवसांसाठी. तेच एखाद्याचा १४९९ चा फॅमिली प्लॅन असेल, टॅक्स धरून १७६८ रुपये बिल, त्यालाही तेच ११८, म्हणजे पावणेसात टक्क्यांच्या आत. ज्याचं बिल मोठं, ज्याने कंपनीचे जास्त पैसे अडकवले, त्याला दंड हलका, आणि ज्याचं बिल छोटं त्याच्या डोक्यावर चौपट ओझं. एक दिवस उशीर झाला तरी शंभर आणि वीस दिवस झाला तरी शंभर. मग एक दिवस चुकलेला माणूस म्हणतो, आता शंभर गेलेच आहेत तर पगार झाल्यावर भरू. म्हणजे ज्या शिस्तीसाठी हा दंड लावलाय ती शिस्त पण त्याने येत नाही.

याच आप्पांचं लाईटबिल घ्या. महावितरणचं बिल उशिरा भरलं तर विलंब आकार लागतो सव्वा टक्का, आणि बिल लवकर भरलं तर एक टक्का सूट मिळते. लोक महावितरणला काय काय बोलतात, मी पण बोलतो, उन्हाळ्यात लाईट गेली की सगळेच बोलतात, पण ही पद्धत बघा किती सरळ आहे. ४७० रुपयांचं लाईटबिल उशिरा भरलं असतं तर आप्पांना सहा रुपये पडले असते. सहा. आणि लाईट तोडायची असेल तर वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, तारीख गेली आणि आले लगेच वायर कापायला असं चालत नाही. कारण वीज ही गरजेची गोष्ट आहे हे कायद्याने मान्य केलंय.

मोबाईल गरजेची गोष्ट आहे हे मात्र अजून कागदावर कुठे नीट उतरलेलं दिसत नाही. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाईल कॉल झाला, ज्योती बसूंनी तेव्हाच्या कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना केलेला, तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत पडायचे आणि आलेल्या कॉलचेही पैसे जायचे. त्या काळात बिल थकलं म्हणून फोन बंद केला तर एका श्रीमंत माणसाची चैन दोन दिवस थांबली, एवढंच. आज फोन बंद केला तर माणसाचं काय काय थांबतं याची यादी करायला बसलो तर हा लेख तिथेच संपेल. बँकेचा ओटीपी, गॅसचं बुकिंग, पेन्शनचं काम, आधारचा ओटीपी, हॉस्पिटलचा रिपोर्ट, नातवाच्या शाळेचा ग्रुप. भाजीवाल्या मावशी पण म्हणतात स्कॅन करा. पण दंड आणि तोडण्याची वृत्ती मात्र १९९५ चीच राहिली.

बँकांचं बघा. क्रेडिट कार्डवाले किती बदनाम होते, आठवत असेल. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कार्डांसाठी जे निर्देश काढले त्यात स्पष्ट आहे, ड्यू डेट उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले तरच लेट पेमेंट चार्ज लावायचा, आणि तो सुद्धा जेवढे पैसे बाकी राहिलेत तेवढ्यावर, सगळ्या बिलावर नाही. बिलिंगची तारीख ग्राहकाला बदलून घेता आली पाहिजे हेही त्यात आहे. बऱ्याच बँकांच्या कार्डावर लेट फी टप्प्याटप्प्याने असते, अगदी किरकोळ बाकी असेल तर शून्य. मग ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या दंडाबद्दल परिपत्रक काढलं, त्यात तर सरळ म्हटलंय की दंड हा शिस्त लावण्यासाठी असतो, कमाई वाढवायचं साधन म्हणून वापरायचा नाही आणि चुकीच्या मानाने वाजवी पाहिजे. लाखांचं कर्ज बुडवणाऱ्याच्या बाबतीत वाजवीपणाचा विचार होतो. ४७० रुपयांच्या फोनबिलाच्या बाबतीत का नाही?

मोबाईलच्या बाबतीत ट्रायने, म्हणजे टेलिकॉमच्या सरकारी नियामकाने, दर ठरवायचं काम बहुतांशी कंपन्यांवरच सोडलंय, फॉरबेअरन्स म्हणतात त्याला. स्पर्धा आहे, ग्राहक दुसरीकडे जाईल, म्हणून दर आपोआप नीट राहतील असा त्यामागचा विचार. कॉलच्या आणि डेटाच्या दराबाबत तो विचार बऱ्यापैकी खरा ठरला, हे मानायला पाहिजे. पण लेट फी बघून कुणी कंपनी निवडतं का हो? सिम घेताना कुणी विचारतं का, की माझं बिल पाच दिवस राहिलं तर किती घेणार? जिथे ग्राहक तुलना करतच नाही तिथे स्पर्धा काय कामाची, तिथे नियामकानेच मधे यायला पाहिजे. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, त्याच्या कलम ७४ मध्ये करारात दंडाची रक्कम कितीही लिहिलेली असो, मिळेल ती त्या रकमेच्या आतली वाजवी भरपाईच, असं तत्त्व आहे. नुकसान रुपया-रुपयाने सिद्ध करायची गरज नाही हेही त्याच कलमात आहे, म्हणजे कंपनीची बाजू पण धरलीय. पण वाजवी हा शब्द आहेच ना तिथे. दीडशे वर्षं झाली तो शब्द लिहून.

कंपन्यांच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे तो टाळत नाही. सव्वा टक्का लावला तर ४७० वर सहा रुपये येतात, त्यात आठवणीचा एक फोन कॉल सुद्धा निघत नाही आणि मग कुणीच वेळेवर भरणार नाही, असं म्हणता येईल. ठीक आहे, मग किमान वीस रुपये ठेवा. टप्पे ठेवा, पाचशेपर्यंत एवढे, हजारपर्यंत एवढे. पहिले तीन दिवस माफ ठेवा. यातलं काहीही अवघड नाही, बँकांच्या कॉम्प्युटरला जमतं ते मोबाईल कंपनीच्या कॉम्प्युटरला जमणार नाही हे मी मानायला तयार नाही, जी कंपनी माझा डेटा शेवटच्या एमबीपर्यंत मोजते.

आता तारखेचं. मी अंबड एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात पगाराचं काम बघतो, चाळीसेक माणसं आहेत. आमच्यासारख्या, म्हणजे हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी पगार महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा हा नियम १९३६ च्या वेतन कायद्यापासून आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक कारखान्यात पगार ७ लाच होतो, १ ला कुणी करत नाही कारण मालकाला पण वरून पेमेंट यायचं असतं. आमच्या डिस्पॅचच्या सुपरवायझरची ड्यू डेट ३ तारीख आहे. महिन्याच्या ३ तारखेला त्याच्या खात्यात काय उरलेलं असतं ते मला माहितीय, कारण ॲडव्हान्स मागायला तो माझ्याकडेच येतो. त्याने कस्टमर केअरला फोन करून विचारलं की माझी तारीख १० करून द्या, मी एक दिवस उशीर करणार नाही. उत्तर आलं की बिल सायकल बदलता येत नाही. तो माणूस आळशी नाही, बेफिकीर नाही, त्याची तारीख फक्त पगाराच्या चार दिवस आधी पडते, आणि त्या चार दिवसांचे त्याच्याकडून वर्षातून चार-पाच वेळा शंभर-शंभर रुपये जातात. हा शिस्तीचा प्रश्न आहे असं मला कुणी पटवून द्यावं. तारीख निवडायची मुभा वर्षातून एकदा जरी दिली तरी निम्मे उशीर आपोआप बंद होतील असं मला पगाराच्या टेबलावर बसून वाटतं.

प्रीपेडवाल्यांना वाटेल की आपला काही संबंध नाही. आपल्या देशात नव्वद टक्क्यांहून जास्त मोबाईल प्रीपेड आहेत, निफाड-दिंडोरीकडे जा, शेतकऱ्याच्या हातात प्रीपेडच दिसेल, कांद्याची पट्टी हातात आली की तीन महिन्यांचा रिचार्ज एकदम मारतात. त्याला लेट फी लागत नाही हे खरं, पण तो आधी पैसे देतो आणि मग बोलतो, आणि रिचार्ज संपला की त्याचं आधी आउटगोइंग आणि मग इनकमिंग पण बंद होतं, त्याच्यासाठी हीच लेट फी. २८ दिवसांच्या हिशोबाने वर्षात १३ रिचार्ज होतात हे लोकांच्या लक्षात यायला किती वर्षं गेली, शेवटी जानेवारी २०२२ मध्ये ट्रायला सांगावं लागलं की ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा असा निदान एक-एक प्लॅन ठेवाच. हे उदाहरण मी मुद्दाम देतोय. ट्रायने मनावर घेतलं तर होतं. लोकांनी ओरडा केला, आदेश निघाला, प्लॅन आले.

बरं, हे सगळं होईल तेव्हा होईल. तोपर्यंत बिल वेळेवर भरा, आणि हे मी कंपनीच्या भल्यासाठी सांगत नाहीये. शंभर रुपये गेले तर गेले, त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे नंबर. थकबाकी तशीच राहिली तर आधी आउटगोइंग, मग इनकमिंग, आणि मग कनेक्शन कायमचं बंद. कायमचा बंद झालेला नंबर किमान ९० दिवस बाजूला ठेवतात आणि नंतर तो दुसऱ्या कुणाला तरी मिळू शकतो, हे ट्रायनेच सुप्रीम कोर्टात सांगितलेलं आहे. म्हणजे विचार करा, वीस वर्षं जो नंबर बँकेत, आधारला, पॅनला, एलआयसीला, गॅसला, सगळीकडे दिलाय, तो एका अनोळखी माणसाच्या खिशात. त्याचा दोष काहीच नाही, त्याने नवीन सिम घेतलं, पण तुमचे मेसेज त्याला जातायत. मग तुम्ही एकेका ठिकाणी नंबर बदलत फिरा, बँकेत अर्ज, आधार केंद्राची रांग, जिथे जाल तिथे म्हणणार जुन्या नंबरवर ओटीपी पाठवलाय तो सांगा. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर हे फार वाईट होतं, कारण त्यांच्या मुलांनाही माहीत नसतं कुठे कुठे तो नंबर दिलाय.

आणि कंपनीवर चिडून पोर्ट करून जातो म्हणाल तर तेही होत नाही. पोस्टपेडची ड्यू डेट उलटलेली थकबाकी असेल तर पोर्टिंगची रिक्वेस्ट रिजेक्ट होते. म्हणजे २०११ पासून देशभर मिळालेला हा हक्क, नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचा, तो वापरायचा असेल तर आधी बिल क्लिअर पाहिजे. भांडायचं असेल तर पैसे भरून भांडा, असं मी सगळ्यांना सांगतो. पैसे न भरता भांडणारा माणूस खरा असला तरी कागदावर थकबाकीदार दिसतो. काही टेलिकॉम कंपन्या थकबाकीची माहिती क्रेडिट ब्युरोला, म्हणजे कुणी कर्ज-उधारी कशी फेडली याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला, पण देतात, आणि घराचं कर्ज काढायला गेल्यावर कळतं की सहा वर्षांपूर्वी फेकून दिलेल्या सिमचे सातशे रुपये रिपोर्टमध्ये लाल दिसतायत. सिम फेकून पोस्टपेड बंद होत नाही, रीतसर बंद करायला सांगावं लागतं, शेवटचं बिल भरावं लागतं आणि नो ड्यूजचा मेसेज जपून ठेवावा लागतो. देशात चार क्रेडिट ब्युरो आहेत आणि प्रत्येकाकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढून बघा एकदा, पाच मिनिटांचं काम आहे.

भरायचं कसं हे आता कुणाला शिकवायची गरज नाही, पण दोन गोष्टी अनुभवातून. दुसऱ्या ॲपवरून ड्यू डेटच्या रात्री भरलं तर कंपनीकडे ते कधी जमा झालं यावरून वाद होतो, म्हणून दोन दिवस आधी भरा, आप्पांची जुनी सवयच बरोबर आहे. आणि ऑटोपे लावत असाल तर ज्या खात्यात पगार किंवा पेन्शन येते त्याच खात्यावर लावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापायच्या निदान २४ तास आधी मेसेज यायला लागतो, तो आला की बिलाचा आकडा बघा, नुसतं ओके करू नका. बिलात न मागितलेली एखादी सर्व्हिस घुसलेली असली तर ती तिथेच सापडते.

मेसेजवरून आठवलं, हा भाग मला सगळ्यात गंभीर वाटतो. २०२२ मध्ये सगळीकडे ते मेसेज फिरत होते, आज रात्री साडेनऊला तुमची लाईट कापणार, या नंबरवर फोन करा, आणि फोन करणाऱ्यांची खाती रिकामी झाली. मग ट्रायच्या नावाने फोन यायला लागले, दोन तासांत तुमचा नंबर बंद होणार म्हणून. ट्रायने वारंवार सांगितलंय की आम्ही कुणाचा नंबर बंद करायला फोन करत नाही. पण लोक का फसतात? कारण खरा फोन पण असाच अचानक बंद होतो हे त्यांनी अनुभवलेलं असतं. आप्पांचा फोन ९ तारखेला बंद झाला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना असा एक भामट्याचा कॉल आला होता, आणि ते घाबरून कार्डाचा नंबर सांगणारच होते, काकूंनी फोन ओढून घेतला म्हणून वाचले. जर कंपनीने सात दिवस आधी, तीन दिवस आधी आणि बंद करायच्या दिवशी, मराठीत, साध्या शब्दांत, रक्कम आणि तारीख लिहून मेसेज पाठवायचा आणि त्याशिवाय फोन तोडायचा नाही असा नियम असता, तर लोकांना खरं-खोटं ओळखता आलं असतं. २०२५ पासून एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी पी, एस, टी, जी असं एक अक्षर येतं, जाहिरात असेल तर पी, सर्व्हिस असेल तर एस, व्यवहाराचा असेल तर टी, सरकारी असेल तर जी. चांगली गोष्ट आहे, घरातल्या मोठ्यांना ही चार अक्षरं दाखवून ठेवा. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाईनला लगेच फोन, आणि संशयास्पद कॉल-मेसेज सरकारच्या संचार साथी पोर्टलवर चक्षू नावाच्या सोयीत कळवा.

मी आप्पांच्या वतीने तक्रार केली. ११८ रुपयांसाठी एवढं कशाला असं घरातले म्हणाले. आप्पा नाही म्हणाले. पद्धत अशी आहे, आधी कंपनीच्या १९८ या नंबरवर तक्रार नोंदवायची आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी नंबर, घ्यायचाच, तो नंबर नाही तर काही नाही. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीत अपील करायचं, २०१२ च्या ट्रायच्या नियमांनी ही सोय आहे, अपिलाला एक पैसा लागत नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. त्यापुढे १९१५ ही ग्राहक हेल्पलाईन आहे आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबाईलचे वाद ग्राहक आयोगात चालतच नाहीत असं पूर्वी कंपन्या म्हणायच्या, ते सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२२ मध्ये निकालात काढलं, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर सेवेच्या व्याख्येत टेलिकॉम हा शब्दच घातलाय. आपल्या महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा ग्राहकाला हक्क असतात हेच लोकांना नवीन होतं. आज कायदा आहे, नंबर आहेत, पोर्टल आहे, फक्त शंभर-दीडशे रुपयांसाठी कोण बसणार म्हणून आपण सोडून देतो, आणि लाखो लोक असे शंभर-दीडशे सोडतात.

पहिल्या तक्रारीला उत्तर आलं की चार्ज नियमानुसार आहे. म्हणून अपील केलं. अर्ज मी टाईप केला पण मजकूर आप्पांनी सांगितला, खुर्चीत ताठ बसून, एकेक वाक्य. कागदी बिल बंद करताना मला विचारलं नाही. ईमेल चालू आहे का हे तपासलं नाही. गेल्या इतक्या वर्षांच्या सगळ्या पावत्यांचे नंबर सोबत जोडले आहेत, त्यात एकही उशीर नाही. आणि शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचून घेतलं: "माझे ४७० रुपये ८२ पैसे पाच दिवस उशिरा मिळाल्यामुळे आपले नेमके किती रुपयांचे नुकसान झाले तो आकडा कृपया लेखी कळवावा, तेवढी रक्कम मी स्वतः येऊन भरून जाईन."

महिन्याभराने उत्तर आलं. आपण आमचे जुने ग्राहक आहात, म्हणून सद्भावनेपोटी ११८ रुपये पुढच्या बिलात वजा करण्यात येत आहेत. वजा झाले पण. आप्पांनी वहीत तारीख टाकून ते लिहून ठेवलंय, आणि त्याच्या खाली एक ओळ रिकामी सोडलीय, कारण त्या उत्तरात नुकसानीचा आकडा कुठेच नव्हता.